कीव ते कानिव, शेवचेंकोच्या मागावर: एका सहलीचं परीक्षण

पाचपैकी साडेतीन गुण. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सहल २०१९ च्या सप्टेंबरमधली आहे, आणि त्यानंतर त्या देशावर जे गुदरलं ते पाहता कुणाच्या तक्रारी नावानिशी मांडण्यात अर्थ नाही. युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे, म्हणजे हे वाचून कुणी लगेच तिकीट काढायला धावणार नाही, हेही कळतं. तरी लिहायला बसले, कारण २०२२ च्या एप्रिलमध्ये कीवजवळच्या बोरोद्यांका गावच्या चौकातला एक अर्धपुतळा जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. डोक्याला गोळ्यांची भोकं, मागे जळून काळ्या पडलेल्या इमारती. मग ओळखीतल्या निम्म्या लोकांनी मला फोन करून विचारलं, "तू गेली होतीस ना तिकडे? हा मिशाळ गृहस्थ कोण? राजा की सेनापती?"

दोन्ही नाही. युक्रेनचा महाकवी आणि चित्रकार तारास शेवचेंको जन्मला तेव्हा दुसऱ्याच्या मालकीचा होता. ९ मार्च १८१४, मोरिन्त्सी गाव, भूदासाच्या, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्याच्या घरात. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत आई गेली, बाप गेला. मालक एंगेलहार्ट. त्याच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि हाक आली की पाण्याचा पेला पुढे करायचा, ही पहिली नोकरी. नोकरी तरी कसली म्हणायची.

आता सहल. दोन दिवसांची, माणशी १८०० ह्रिव्निया, म्हणजे शेवचेंकोच्याच अठरा नोटा, कारण शंभराच्या नोटेवर त्याचंच चित्र आहे. त्यात मिनीबस, इंग्रजी बोलणारी गाइड, संग्रहालयांची तिकिटं आणि दुसऱ्या दिवशीचं जेवण. पहिला दिवस कीवमध्ये, दुसरा दिवस कानिवला, जिथे त्याची समाधी आहे. माझी भाची तेव्हा कीवला वैद्यकीय शिकत होती, तिनेच ठरवून दिली. "मावशी, इथे शाळेतल्या पोरांना याच्या कविता तोंडपाठ असतात, तू बघच," एवढी तिची शिफारस. मी कविता ऐकायला गेले नव्हते. मी आयुष्यभर कला महाविद्यालयात प्रिंटमेकिंग शिकवलं. मला त्याचे एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर अॅसिडने कोरून काढलेले छापे, बघायचे होते. माझे दीड गुण नेमके तिथेच कापले गेलेत.

गाइड बाई मात्र अव्वल. साठीच्या पुढच्या, शाळेत साहित्य शिकवून निवृत्त झालेल्या, हातात कागदाचा चिटोरा नाही. प्रत्येक थांब्यावर त्या आधी मूळ कविता म्हणायच्या, मग अर्थ सांगायच्या. उलट कधीच नाही. सुरुवातीला बसमधले दोन-तीन जण चुळबूळ करत होते, पण दुपारपर्यंत सगळे गप्प ऐकू लागले. भाषा कळत नसतानाही ओळीचं वजन कुठे पडतं ते कळत होतं. वर्गात इतकी वर्षं उभी राहिले आहे, त्यामुळे सांगते, ही कमाई सोपी नाही.

पहिला थांबा कीवच्या ‘मैदान’ या मुख्य चौकाच्या अगदी जवळचं एक लाकडी घर. उंच इमारतींच्या मधे ते इतकं बसकं दिसतं की आपण शेजारून निघून जाऊ. वर पोटमाळ्याची खोली. १८४६ साली शेवचेंको इथे राहायचा, साझिन नावाच्या चित्रकार मित्राबरोबर. दोघांना मिळून कीवच्या दृश्यांचा संच करायचा होता. १९२८ पासून हे संग्रहालय आहे. अंगणात तुतीचं झाड. खोली लहान, खिडकीही लहान. चित्रकाराला असा उजेड पुरत नाही. तो कामाला बाहेरच जात असणार.

याच काळात त्याने कीवच्या विद्यापीठात चित्रकला शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला, आणि १८४७ च्या फेब्रुवारीत नेमणूक मंजूरही झाली. गाइड बाईंनी हे एका वाक्यात उरकलं. मी मात्र तिथेच अडकले. सरकारी नोकरी, पगार, वर्ग, विद्यार्थी, सगळं हाताशी आलं होतं. एप्रिलमध्ये तो इतिहासकार मित्र कोस्तोमारोव्ह याच्या लग्नाला म्हणून कीवला परतत होता, आणि द्नीप्रो ओलांडतानाच त्याला पकडलं. द्नीप्रो म्हणजे आपल्या शाळेच्या नकाशातली नीपर. नवरदेवही आत, पाहुणाही आत. गुन्हा काय, तर सिरिल आणि मेथोडियस या संतांच्या नावाचं एक गुप्त मंडळ, ज्यातल्या तरुणांना भूदासप्रथा नको होती आणि स्लाव्ह लोकांचं बरोबरीचं संघराज्य हवं होतं. मंडळातले बाकीचे कमी-जास्त शिक्षा भोगून सुटले. शेवचेंकोच्या सामानात कवितांची वही सापडली. त्यात झारची आणि त्याच्या बायकोची टिंगल होती. त्याला साधा शिपाई म्हणून ओरेनबुर्गच्या बाजूला, गवताळ माळाच्या टोकाला धाडलं. शिक्षेच्या कागदावर झार पहिला निकोलस याने स्वतः भर घातली: सक्त पहाऱ्यात ठेवा, आणि लिहायला व चित्र काढायला बंदी.

त्याला वर्गात शिकवायला मिळालं नाही. आज त्या विद्यापीठाला त्याचंच नाव आहे. लालभडक खांबांची ती इमारत आम्हाला बसमधूनच दाखवली.

समोरच्या उद्यानातला पुतळाही तसाच, दहा मिनिटांत. या जागी पूर्वी निकोलसचा पुतळा होता, तो गेला आणि १९३९ साली शेवचेंकोचा आला. शिल्पकार मानिझेर. खार्किवचा १९३५ चा प्रचंड पुतळाही त्याचाच, कानिवच्या समाधीवरचाही त्याचाच. तिन्हीकडे तोच जड ओव्हरकोट, तीच खाली झुकलेली मान, तोच विचारमग्न चेहरा. सोव्हिएत काळाला भूदासाचा पोर क्रांतिकारक म्हणून हवा होता, आणि तो त्यांनी ठोक भावात घडवून घेतला. मला या पुतळ्यांत हाताचा स्पर्श कुठे दिसला नाही. पण पुतळ्याखाली बुद्धिबळ खेळणारे आजोबा झकास होते.

मग शेवचेंको राष्ट्रीय संग्रहालय. साखरेच्या व्यापारातून गडगंज झालेल्या तेरेश्चेंको घराण्याचा हा वाडा. १९४९ पासून इथे संग्रहालय आहे. चोवीस दालनं. आमच्या कार्यक्रमात याला एक तास. लिहून ठेवा: चोवीस दालनांना एक तास, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाला पावणेदोन. ज्याने हा कार्यक्रम आखला त्याने एकतर चित्रं कधी पाहिली नसावीत, किंवा त्याला भूक फार लागत असावी.

त्या तासातला बराचसा वेळ ‘कातेरिना’समोर गेला, आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. १८४२ चं तैलचित्र. याच नावाची त्याची कविता आधीची: रशियन शिपायाने फसवलेली, मग आईबापांनी घराबाहेर काढलेली खेड्यातली पोर. चित्रात ती अनवाणी, लाल पुढकं (एप्रन) किंचित उचलून, मान खाली घालून आपल्याकडे चालत येते. डावीकडे घोड्यावरचा शिपाई निघून चाललाय, त्याच्यामागे एक मरतुकडं कुत्रं धावतंय. उजवीकडे एक म्हातारा जमिनीवर बसून लाकडाचे चमचे कोरतोय. म्हातारा तिच्याकडे बघतो, बोलत नाही. गाइड बाईंनी इथे कविता म्हटली आणि आवाज जरा कापला. मी त्या वेळी तिचे पाय बघत होते. पीटर्सबर्गच्या कला अकादमीत शिकलेल्या चित्रकाराचे पाय आहेत ते, संगमरवरी पुतळ्यांवरून गिरवून शिकलेले, पण धुळीत उभे केलेले. पुढकं उचलल्यामुळे पोट दिसतं आणि झाकलंही जातं. कवितेला जे सांगायला कितीतरी ओळी लागतात ते इथे एका हाताच्या हालचालीत आहे. तेव्हा तो जेमतेम अठ्ठावीसचा होता.

हे चित्र होण्याआधीची गोष्ट बाईंनी छान रंगवली. मालकाने त्याला पीटर्सबर्गला नेलं, शिर्यायेव्ह नावाच्या रंगकाम-सजावटीच्या कंत्राटदाराकडे ठेवलं. रात्री हा पोरगा समर गार्डनमध्ये जाऊन तिथल्या पुतळ्यांची रेखाटनं करायचा. तिथे सोशेन्को हा त्याच्याच मुलखातला चित्रकार भेटला, त्याने त्याला थोरामोठ्यांपर्यंत नेलं. एंगेलहार्टने किंमत सांगितली २५०० रूबल. मग कार्ल ब्र्युलोव्ह या नामांकित चित्रकाराने कवी झुकोव्स्कीचं व्यक्तिचित्र रंगवलं, ते सोडतीत लावलं, तिकिटं राजघराण्यातही खपली, आणि त्या पैशात १८३८ च्या वसंतात तारासची सुटका झाली. ‘कातेरिना’ ही कविता त्याने झुकोव्स्कीला अर्पण केली आहे, खाली सुटकेची तारीख घालून. १८४० साली त्याचा पहिला छोटा कवितासंग्रह ‘कोब्झार’ निघाला, आठच कवितांचा. कोब्झा हे वाद्य घेऊन गावोगाव गाणाऱ्या अंध गायकाच्या नावाचा. पुढे लोकांनी ते नाव कवीलाच चिकटवलं.

म्हणजे बघा, तो सुटला चित्राच्या जोरावर. ब्रश हातात होता म्हणून ब्र्युलोव्हने त्याच्याकडे पाहिलं. पण सगळी सहल "महाकवी, महाकवी" करत पुढे सरकत होती, आणि चित्रकार हा त्याचा फावल्या वेळचा छंद असावा अशा थाटात दालनं मागे पडत होती. आठशेच्या वर चित्रं, रेखाटनं, छापे आज शिल्लक आहेत त्याचे. छंद?

हद्दपारीच्या दालनांतून आम्ही अक्षरशः पळालो. सहल संपल्यावर मी एकटी परत गेले, आणि आता जे सांगते ते त्या निवांत भेटीतलं. कंपनीच्या खात्यावर ते जमा करू नका.

बंदी असतानाही त्याने लिहिलं. हाताने शिवलेल्या तळहाताएवढ्या वह्या बुटाच्या गळ्यात लपवायच्या, मुंगीच्या अक्षरात. चित्रांचं कसं जमलं, ते जास्त गमतीचं आहे. १८४८ साली अरल समुद्राच्या पाहणीला बुताकोव्ह या नौदल अधिकाऱ्याची मोहीम निघाली, आणि त्याला किनारे रेखाटायला चित्रकार हवा होता. त्याने शिपाई शेवचेंकोला मागून घेतलं. झारची बंदी एका बाजूला, नकाशाची गरज दुसऱ्या बाजूला. गरजेचं पारडं जड ठरलं. त्या मोहिमेतले जलरंग बघताना माझा सगळा राग निवळला. एकात माळावर पेटलेला वणवा आहे, रात्रीचा; क्षितिजावर नारिंगी पट्टा आणि बाकी काळोख, त्यात तंबू. दुसऱ्यात ओसाड मुलखात एकच झाड. कझाख लोक त्या झाडाला पवित्र मानत. त्याने ते झाड मोठं केलेलं नाही, नाट्यमय केलेलं नाही. आहे तेवढं काढलंय, भोवतालची माणसंही आहेत तेवढीच. युरोपातला कुणी हौशी प्रवासी असता तर उंटांची रांग आणि सूर्यास्त घालून मोकळा झाला असता. पाहणीच्या कामामुळे असेल, कागदाच्या टंचाईमुळे असेल किंवा नजरच तशी झाली असेल, पण या कागदांवर एक रेघ जास्तीची नाही.

१८५० मध्ये कुणा अधिकाऱ्याने चुगली केली की हा साधे कपडे घालून हिंडतो आणि बंदी मोडून चित्रं काढतो. पुन्हा अटक, आणि रवानगी कास्पियन समुद्राकाठच्या नोवोपेत्रोव्स्क किल्ल्यात. तिथे सात वर्षं. येताना वाटेत मिळालेली विलोची काठी त्याने त्या वाळवंटी जागेत रोवली आणि ती फुटली, असं सांगतात. त्या गावाचं नाव आज फोर्ट-शेवचेंको आहे, कझाखस्तानात. शेवटच्या वर्षांत त्याने बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर (पैसा उधळून घरी परतलेल्या मुलाला बाप माफ करतो, ती गोष्ट) एक मालिका काढली, शाईच्या तपकिरी छटांत. पण त्याचा उधळ्या पुत्र पत्त्यांत हरतो, गुत्त्यात लोळतो आणि पुढे त्याला शिपायांच्या दोन रांगांमधून, उघड्या पाठीवर काठ्या खात चालण्याची शिक्षा होते. दाखल्यातला बाप मिठी मारायला कुठे येतच नाही. ही शिक्षा चित्रकाराने डोळ्यांनी पाहिलेली होती. या चित्रांपुढे मी एकटीच होते. दालनातल्या राखणदार आजींनी खुणेने मला दोन पावलं डावीकडे सरकवलं, म्हणजे काचेवरची चमक जाईल. त्यांना पूर्ण गुण.

आणि मग एचिंग. १८५७ ला सुटका होण्याच्या सुमारास त्याने डायरीत लिहून ठेवलंय, की दहा वर्षं सराव नव्हता, आता तैलचित्रात मी काही करू शकणार नाही, तर खोदकाम शिकीन. चांगला छापा-चित्रकार होणं म्हणजे सुंदर ते लोकांपर्यंत वाटत जाणं. मला हा विचार तोंडपाठ कवितेपेक्षा मोठा वाटतो, हे माझं धंद्याचं पक्षपाती मत समजा. तैलचित्र एकाच्या भिंतीवर जातं. प्लेट एकदा केली की शेकडो कागद निघतात, आणि गरिबालाही एक घेता येतो. हे त्याला तरुणपणीच कळलं होतं. १८४४ मध्ये त्याने युक्रेनच्या दृश्यांचे सहा एचिंग काढून छापले. संच विकून येणाऱ्या पैशातून भावंडांना गुलामीतून सोडवायचं, असा बेत होता. तेवढे पैसे कधी जमले नाहीत. भावंडं सुटली ती १८६० मध्ये, बरीच खटपट केल्यावर, तीही जमिनीशिवाय.

पीटर्सबर्गला परतल्यावर तो डच चित्रकार रेम्ब्रांच्या चित्रांवरून एचिंग करू लागला. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला हे त्यातलं एक. ज्यांनी कधी हे काम केलं नसेल त्यांच्यासाठी: तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा थर द्यायचा, सुईने तो थर ओरखडून चित्र काढायचं, मग पत्रा अॅसिडमध्ये सोडायचा. जिथे ओरखडलं तिथे अॅसिड तांबं खातं. हलक्या रेघा आधी झाकायच्या, गडद रेघा जास्त वेळ खाऊ द्यायच्या. अंदाज चुकला तर महिन्याभराचं काम गेलं. शेवचेंकोच्या त्या मजुरांच्या चित्रात मागच्या भिंतीवरचा अंधार बघा. एकच काळा रंग नाही तो. तीन-चार वेळा थांबून थांबून खाऊ दिलेला अंधार आहे. रेम्ब्रांने रंगात केलेली गोष्ट याने रेघेत केली. १८६० मध्ये अकादमीने त्याला खोदचित्रणातला अकादमीशियन ही पदवी दिली. भूदासाच्या पोराला, माजी कैद्याला, झारच्याच अकादमीने. आमच्या सहलीत या दालनाचा उल्लेखसुद्धा नव्हता.

अॅसिडच्या वाफा छातीत काय करतात ते बंद खोलीत प्लेटा केलेल्यालाच माहीत. तो राहायचा अकादमीतच, वर निजायची जागा, खाली कामाची. १० मार्च १८६१ च्या सकाळी कामाला उतरत असताना जिन्यावर कोसळला आणि गेला. आदल्या दिवशी त्याला सत्तेचाळीस वर्षं पूर्ण झाली होती. त्याच महिन्यात भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा लोकांना वाचून दाखवला गेला.

दुसरा दिवस कानिव. कीवपासून दक्षिणेला दीडशेक किलोमीटर, रस्ता बरा. बसमध्ये जाताना आणि येतानाही बंडुरा या वाद्याची एकच ध्वनिफीत फिरत होती. वाद्य गोड आहे, पण चौथ्यांदा तोच सूर सुरू झाला तेव्हा मागच्या सीटवरच्या पोलिश जोडप्याने कानात बोळे घातले.

जेवण ‘पारंपरिक’ उपाहारगृहात. गवताचं छप्पर, भरतकामाचे सदरे घातलेल्या मुली, भिंतीवर विळे-कोयते. बोर्श्च (बीटचं सूप) उत्तम, काळा पावही उत्तम. शाकाहारी मंडळींसाठी सूचना: बटाट्याचे वारेनिकी (आपण उकडीच्या करंज्या म्हणू) मागवताना "बेझ श्क्वारोक" म्हणा, नाहीतर वर तळलेल्या चरबीचे तुकडे भुरभुरून येतात. बोर्श्चचा रस्साही बहुधा मांसाचाच असतो, विचारून घ्या. सुकवलेल्या फळांचा उझवार मात्र निर्धास्त प्या, त्याला धुराचा छान वास असतो. इतक्या गोष्टींना पावणेदोन तास लागायचं कारण नव्हतं. जेवणानंतर अर्धा तास शेजारच्या दुकानात चुंबकं आणि भरतकामाचे रुमाल बघण्यात गेला. दुकानदाराची आणि कंपनीची काय समजूत होती ते मी विचारलं नाही.

टेकडी मात्र खरी आहे. त्याने १८४५ च्या डिसेंबरात, पेरेयास्लावला आजारी असताना, इच्छापत्राची कविता लिहिली: मला माझ्या युक्रेनमध्ये, विस्तीर्ण माळावरच्या उंचवट्यावर पुरा, जिथून शेतं दिसतील, द्नीप्रो दिसेल, तिची गर्जना ऐकू येईल, मग उठा, साखळ्या तोडा, आणि स्वतंत्र, नव्या कुटुंबात माझी हळुवार शब्दाने आठवण काढा. तो मेला पीटर्सबर्गला आणि पुरला गेलाही तिथेच. पण दोन महिन्यांच्या आत मित्रांनी शवपेटी उकरून काढली, लाल कापडात गुंडाळली आणि निघाले. मॉस्कोपर्यंत आगगाडी, पुढे घोडागाडी. कीवला पोचताना विद्यार्थ्यांनी घोडे सोडले आणि गाडी स्वतः पुलावरून ओढली. तिथून बोटीने कानिव. २२ मे १८६१ ला या टेकडीवर दफन झालं. शवपेटीबरोबर आलेला चित्रकार चेस्ताखिव्स्की याने कानिवचाच आग्रह धरला होता. पोलीस त्याच्यावर नजर ठेवून होते. गाइड बाईंनी हे सगळं पायऱ्या चढता चढता सांगितलं, दम न लागता.

वर पोचल्यावर नदी दिसते आणि मान्य करावं लागतं की जागा निवडणाऱ्याला नजर होती. गर्जना वगैरे काही नाही. वरच्या अंगाला १९७० च्या दशकातलं धरण आहे, पाणी सपाट आणि रुंद पसरलेलं. पुतळ्याजवळ फार वेळ काढू नका. जवळच ‘तारासची स्वित्लित्सा’ म्हणून एक साधं घर आहे. १८८४ मध्ये लोकांनीच इथे त्याचं पहिलंवहिलं संग्रहालय केलं होतं, आजचं घर नंतर त्याच धर्तीवर उभारलेलं. इवान यादलोव्स्की नावाच्या शेतकऱ्याने जवळजवळ पन्नास वर्षं या समाधीची राखण केली, येणाऱ्याजाणाऱ्याला कविता ऐकवल्या. थोडं पुढे ओलेक्सा हिर्निक याची आठवण आहे. १९७८ च्या जानेवारीत, युक्रेनियन भाषा दडपली जातेय याच्या निषेधार्थ, त्याने या टेकडीवर स्वतःला जाळून घेतलं. त्या दोन दिवसांत बाईंनी एकदाच कविता न म्हणता नुसतं सांगितलं, ते इथे.

कवी एवढा मोठा कसा झाला हे मला टेकडीवर नाही, त्यानंतर कळत गेलं. २०१४ च्या जानेवारीत कीवच्या ‘मैदान’ चौकातल्या आंदोलनात मारला गेलेला सेर्हिय निहोयान हा अर्मेनियन वंशाचा तरुण. त्याचं जे चित्रीकरण सगळ्यांनी पाहिलं त्यात तो शेवचेंकोची ‘काकेशस’ ही कविता म्हणतोय, लढत राहिलात तर जिंकाल, या ओळीची. २०२२ च्या मार्चमध्ये खार्किवच्या लोकांनी मानिझेरचा तो प्रचंड पुतळा वाळूच्या पोत्यांनी पार वरपर्यंत झाकला. ऑक्टोबरमध्ये कीवच्या शेवचेंको उद्यानात, मुलांच्या खेळण्याच्या जागेशेजारी, क्षेपणास्त्राने खड्डा पाडला. पुतळ्यांवर मी वर जी टीका केली ती कायम आहे, पण पोती वाहणाऱ्यांपुढे ती काढायची माझी छाती नाही.

सहल पुन्हा सुरू झाली, आणि होईलच, तर कंपनीला माझ्या सूचना अशा. मार्ग उलटा करा: आधी कानिव, मग पोटमाळ्याचं घर, शेवटी संग्रहालय, आणि संग्रहालयाला अख्खी दुपार द्या. दुकानाचा थांबा काढून टाका. गाइड बाई याच ठेवा, फक्त त्यांच्या जोडीला चित्रांतलं कळणारं कुणीतरी द्या. आणि बाईंना विनंती, शेवटच्या दालनात त्याच्या शेवटच्या पुस्तकाबद्दल सांगा. १८६१ च्या सुरुवातीला त्याने स्वतःच्या खर्चाने मुळाक्षरांचं पुस्तक छापलं, रविवारच्या शाळांमधल्या खेडूत मुलांसाठी. दहा हजार प्रती, किंमत तीन कोपेक. आमच्या बसमध्ये दोन शाळकरी मुलं होती, संग्रहालयात ती सर्वांत आधी कंटाळली. त्यांना हे आवडलं असतं.

स्वतःच्या स्वतः जाणाऱ्यांनी चुंबकांवर पैसे घालवू नयेत. त्याच्या एचिंगचा छापील संच मिळाला तर तो घ्या, आणि घेण्याआधी पानं उघडून काळा रंग नीट बघा. छपाई स्वस्त असेल तर अंधाराचे सगळे थर एकच होऊन जातात.